स्वच्छ प्रत

आत्याचा फोन ऑफिसच्या वेळेत कधी येत नसे. भाचा कामात असेल, कशाला उगाच, असं तिचं ठरलेलं होतं. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीआधी खिशातला फोन थरथरला आणि पडद्यावर ‘आत्या’ दिसलं तेव्हा त्याने तो पहिल्याच रिंगला उचलला. पडली असेल, हाच पहिला विचार. पण आत्याचा आवाज नेहमीसारखा होता, जरा जास्तच नेहमीसारखा. “त्या प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन आला होता,” ती म्हणाली. “नाही घेत म्हणे माझी चित्रं. फार गोड बोलली पण. रेषा सुरेख आहेत म्हणाली, हात पक्का आहे म्हणाली. पण आत काहीच नाही ना, म्हणाली. नुसत्याच कडा. मुलांच्या रंगवायच्या पुस्तकाला चालतील, ओळखीचं कुणी आहे, देऊ का म्हणून विचारत होती.” मागे तिच्या भिंतीवरच्या घड्याळाची टकटक त्याला ऐकू येत होती. “तू पाठवताना पाहिली होतीस ना रे? छान दिसतायत म्हणाला होतास.” हो, पाहिली होती, तो म्हणाला. “तेच. म्हटलं विचारून बघावं. बरं, काम कर तू,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

ऑफिसात त्याला सगळे बारीकराव म्हणत. देहाने तो चांगला ऐसपैस. खुर्चीतून उठला की खुर्चीही दोन बोटं त्याच्याबरोबर उठायची. त्यामुळे नव्याने आलेल्या माणसाला हे नाव म्हणजे थट्टा वाटे. थट्टा होतीच, पण अर्धी. ऑफिस विम्याच्या दाव्यांचं. आगी, अपघात, पाणी शिरलेली दुकानं, सगळ्यांचे कागद तिथे येत आणि तिथून सरकारी पोर्टलवर चढवावे लागत. पोर्टलचा घसा फार अरुंद. दोन एमबीच्या वर फाइल कणभर जरी गेली तरी ते ती तोंडावर फेकून देई. मग ज्याची त्याची धाव याच्या टेबलाकडे. “बारीकराव, एवढं जरा बारीक करून द्या हो.” आणि तो देई. फाइल कशाने फुगते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मजकुराने ती कधीच फुगत नाही. ती फुगते कागदाच्या पिवळेपणाने, घडीच्या सावलीने, टाचणीच्या भोकाने, कुणाच्या तरी कपाखाली उमटलेल्या गोल डागाने, धुळीने. माणसाला यातलं काही दिसत नाही, तो सरळ वाचायला लागतो. यंत्र मात्र बिचारं सगळं इमानेइतबारे साठवत बसतं. “कागदाचा कागदपणा काढा, मग जे उरतं ते काम,” असं तो नव्या पोरांना सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज थोडा खाली यायचा, मोठ्या माणसांचा येतो तसा. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने स्कॅनरवर हे सगळं एकदाच बसवून ठेवलं होतं: मागचा रंग पांढरा, करडं सगळं बंद, ठिपके आणि डाग साफ. कुणीतरी गमतीने त्या बटणाला ‘बारीक’ असं नाव देऊन टाकलं. त्याने वरवर कुरकुर केली, पण मनातून त्याला बरं वाटलं होतं. लोकांच्या नावाने रस्ते असतात, चौक असतात. त्याच्या नावाने निदान एक बटण होतं.

पाठवलेली फाइल त्याने उघडली. पाठवल्यानंतर तो ती पहिल्यांदाच उघडत होता, आणि पाठवण्याआधीही त्याने ती उघडली नव्हती. पहिल्या पानावर एक शंख होता. म्हणजे शंखाची कड होती. एक बारीक, न थरथरलेली रेघ वळत वळत आत जाऊन संपली होती, आणि तिच्या आत पांढरं होतं. त्याने चित्र मोठं केलं. पांढरंच मोठं झालं. पुढच्या पानावर भुंगा, त्याला पाय होते, मिशा होत्या, पाठ नव्हती. त्याच्या पुढे पंख असलेलं कसलंसं बी, नुसती चौकट राहिलेलं. पानामागून पान, सगळं स्वच्छ. त्याचे कान तापले. डोक्यात शब्द यायच्या आधी कानांना कळलं होतं. आत्याने आयुष्यात कधी पेन्सिल आडवी घासून छाया भरली नव्हती. तिची छाया म्हणजे ठिपके. फक्त ठिपके. जवळजवळ टेकवले की गोलाई खाली उतरते, लांबलांब टेकवले की उजेडाकडे चढते; शंखाचं पोट, भुंग्याच्या पाठीवरची चमक, बियांचा खरखरीतपणा, जे काही होतं ते सगळं त्या ठिपक्यांतच होतं. आणि एकटा, कुणाला न चिकटलेला ठिपका म्हणजे धूळ, हे स्कॅनरला त्यानेच शिकवलं होतं. स्कॅनरने ऐकलं. स्कॅनर त्याचं नेहमीच ऐकायचा.

शाळेची बरीच वर्षं तो आत्याकडे होता. वडिलांची बदलीची नोकरी, पोराच्या शिक्षणाचे हाल नकोत म्हणून त्याला तिच्याकडे ठेवलेलं. एक खोली, एक खिडकी, खिडकीला लागून टेबल. आत्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात चित्रं काढायची. प्राध्यापक बरणीतून काहीतरी आणून तिच्यापुढे ठेवत, ती ते कागदावर उतरवून देई, आणि मग त्याचं पुस्तक निघे. पुस्तकावर प्राध्यापकांचं नाव. एकदा एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत शेवटी शेवटी ‘विभागातील कर्मचाऱ्यांचे आभार’ असं छापून आलं होतं. आत्याने त्या ओळीवर बोट ठेवून त्याला दाखवलं होतं, “हा बघ, हा कर्मचारी म्हणजे मी,” आणि ती इतकी हसली होती की शेवटी तोही हसला. खरी मजा ती घरी आल्यावर करायची. स्वतःसाठी काढायची. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला द्यायचं नाही, असं एखादं पीस, एखादा शिंपला. सगळ्यात टणक पेन्सिल, टोक काचकागदावर घासून घासून सुईसारखं केलेलं. तो टेबलाखाली बसून अभ्यास करायचा आणि वरून सारखा टक टक टक असा इवलासा आवाज येत राहायचा. पुढे कित्येक वर्षं त्या आवाजाशिवाय त्याला झोप लागली नाही. कधीमधी ती त्याला मांडीवर घेऊन पेन्सिल हातात द्यायची. “टेकव आणि उचल. ओढू नकोस.” त्याच्याकडून हमखास ओढलं जायचं, ठिपक्याला शेपूट यायचं. “शेपूट आलं की तो ठिपका राहत नाही, घाई दिसते त्यात,” ती म्हणायची. ओरडायची नाही. शेपूट पात्याच्या टोकाने खरवडून काढायची आणि पुन्हा म्हणायची, टेकव, आणि उचल.

आणि शाळेत मात्र तो सांगायचा की आत्या कॉलेजात प्राध्यापक आहे. कुणी विचारलं नव्हतं असं नाही, पण विचारलं नसतं तरी त्याने सांगितलं असतं. एकदा ती त्याचा विसरलेला डबा घेऊन वर्गाच्या दारात आली, बोटं पेन्सिलीने काळी, आणि बाईंनी “या मॅडम” म्हणून तिला आत बोलावलं. कुठल्या विषयाच्या तुम्ही, असं बाईंनी विचारलं. आत्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. “किड्यांच्या,” ती म्हणाली. खोटं बोलली नाही आणि त्याला तोंडघशीही पाडलं नाही. घरी आल्यावर या विषयावर ती चकार शब्द बोलली नाही, आणि ती बोलली नाही हे त्याला अजून, या वयातही, अंघोळ करताना, जिना चढताना मध्येच आठवायचं आणि तो एकटाच असला तरी मान खाली घालायचा.

प्रदर्शनाचं तिने रेडिओवर ऐकलं होतं. ज्यांची चित्रं सगळ्यांनी पुस्तकात पाहिली पण नावं कुणी वाचली नाहीत, अशा विज्ञान-चित्रकारांचं प्रदर्शन. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव लागणार होतं. “नाव लावणार आहेत म्हणे खाली,” ती दोनदा म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणताना उगाचच खिडकीकडे वळली. चित्रं पीडीएफ करून पाठवायची होती, दहा एमबीच्या आत. “तुला जमेल का रे? तुझ्या कामातलं आहे, पण कामं असतात तुला.” त्यात काय आत्या, माझं रोजचंच काम आहे, तो म्हणाला होता. त्याला खरोखर आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं, आणि ते नेमकं त्याला येत होतं. तिने स्वतः बोटांनी चाचपून एकेक पान निवडलं, प्रत्येकाच्या मध्ये पातळ कागद घातला, आणि मोठ्या पाकिटात भरून ते त्याच्या हातात दिलं.

जेवणाच्या सुट्टीत तो पाकीट घेऊन स्कॅनरपाशी गेला होता. नीट करायचं असंच ठरवून गेला होता. छायाचित्रांसाठी असते ती सेटिंग त्याला माहीत होती, ती निवडायची, मग आकार हळूहळू उतरवत न्यायचा, प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांनी पाहायचं. असलं काम करायला त्याला आवडायचंही. पहिलं पान त्याने काचेवर ठेवलं आणि मागून कायदा विभागातला वकील आला. वकील तसा वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला शांतता सोसायची नाही. त्याने पाकिटात डोकावून भुंगा वर काढला. “काय हो बारीकराव, हे काय? झुरळांचे पासपोर्ट फोटो?” पलीकडच्या टेबलावर दोघंतिघं हसले. तोही हसला. आधी हसला, हे त्याला आता नीट आठवत होतं, त्यांच्याइतकाच हसला. “कुणाची आहेत?” वकिलाने विचारलं. आणि त्याच्या तोंडून आलं, “आहे एक ओळखीची म्हातारी. मागे लागली होती.” एवढंच. कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. ‘माझ्या आत्याची आहेत’ म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ त्याला हे म्हणायला लागला. “म्हातारी माणसं, काय करता,” असं म्हणून वकील तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला, साहेबांच्या नव्या गाडीबद्दल बोलू लागला. आता ओळखीच्या म्हातारीसाठी कुणी टप्प्याटप्प्याने आकार उतरवत बसतं का? एकेक पान मोठं करून पाहतं का? त्याने ‘बारीक’ दाबलं. पानं एकामागून एक घातली, वकिलाच्या बोलण्यावर मान हलवत. पडद्यावर आलं की फाइल एका एमबीहूनही लहान झाली आहे, आणि अशा वेळीसुद्धा त्याला नेहमीचं ते छोटंसं समाधान वाटलं. तिथल्या तिथे ती पाठवली. पाकीट टेबलाच्या खणात टाकलं. संध्याकाळी आत्याला फोनवर म्हणाला, गेली बरं का, छान दिसतायत.

दुपारभर तो फाइल मागेपुढे करत बसला. इतर कामं येऊन पडत होती. गाडीखाली सापडलेल्या एका माणसाच्या पायाचे फोटो बारीक करायला आले होते आणि त्याचा हात बटणापाशी जाऊन थांबला. फोटोत पोटरीवर एक फिकट निळसर डाग होता. तो वण होता की कागदावरचा डाग, कळत नव्हतं. असे किती वण आपण पुसले असतील, असा विचार मनात आला आणि त्याने तो घाईघाईने बाजूला सारला, कारण एका दिवशी एकाच लाजेला पुरेल एवढी जागा त्याच्याकडे होती. ते फोटो त्याने तसेच, जाडच्या जाड ठेवून दिले. मग प्रदर्शनाच्या बाईंना मेल लिहायला घेतली. ‘तांत्रिक कारणास्तव फाइलमधील काही तपशील गहाळ झाल्याचे निदर्शनास आले आहे.’ हे वाक्य त्याच्या बोटांतून आपोआप उतरलं. वर्षानुवर्षं असलीच वाक्यं त्याने लिहिली होती. गहाळ झाल्याचे, निदर्शनास आले. सगळं आपोआप होतं, कुणी काही करतच नाही. ते खोडून त्याने ‘मी’ लिहिलं. ‘मी’च्या पुढे काही येईना. मग तेही खोडलं. वकील जाता जाता टेबलाशी थांबला, “काय बारीकराव, तब्येत बरी नाही का?” म्हणाला, आणि खरोखर काळजीने म्हणाला. त्याला पाणी आणून दिलं. ते पाणी पिताना बारीकरावला वाटलं, या माणसावर सगळं ढकलता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

ऑफिस सुटल्यावर खणातलं पाकीट छातीशी धरून तो बसने आत्याकडे गेला. बसमध्ये जागा असूनही उभा राहिला. तिला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होता. त्या लोकांना काय कळतंय. परीक्षक नवशिके असतील. स्कॅनर बिघडलेला होता. हे शेवटचं बरं होतं, त्यात खोटंही फारसं नव्हतं आणि कुणाचं नावही नव्हतं. जिन्यात पोचेपर्यंत ते वाक्य त्याला चांगलं पाठ झालं होतं.

दार उघडंच होतं. दाराच्या आत, चपलांच्या शेजारी, सुतळीने बांधलेले कागदांचे दोन मोठे गठ्ठे होते. आत्या खिडकीपाशी टेबलाला टेकून बसली होती. गेल्या वर्षापासून तिच्या नजरेच्या मधोमध धुकं धरलं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणसाकडे पाहायचं तर ती त्याच्या खांद्यापलीकडे पाही. “आलास,” ती त्याच्या डाव्या बाजूच्या भिंतीकडे बघत म्हणाली. “तुझे कान दिसतायत फक्त. ते काय, लहानपणापासून लांबूनच दिसतात.” नेहमीचीच थट्टा होती. तो नेहमीसारखा हसला. आपला चेहरा तिला दिसत नाही याचं त्याला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

“हे गठ्ठे कसले?” त्याने विचारलं.

“रद्दी आहे. शेजारची मुलगी सकाळी खाली नेऊन देते म्हणाली. जागा तरी मोकळी होईल.”

तो खाली वाकला. सुतळीखाली, सगळ्यात वर, एक पीस होतं. तिच्या घरची चित्रं. सगळी. टेबलाखाली तो अभ्यास करत असताना वर जे जे टकटकत होतं ते सगळं.

“आत्या, ही चित्रं आहेत!”

“माहितेय मला काय आहे ते. मीच बांधली.” आणि मग ती अगदी सहज, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तशी बोलू लागली. “दुपारभर विचार केला मी. ती बाई खोटं कशाला बोलेल? तिचा काय संबंध? आत काहीच नाही म्हणाली, म्हणजे नसणारच. डोळे काय एका दिवसात जातात होय? माझे कधीपासून जात होते देव जाणे. मला वाटत राहिलं, मी ठिपके भरतेय. पेन्सिल इतकी टणक, कागदावर उमटतेय की नाही हे दिसत असेल तरच कळणार. हाताला सवय, तो आपला टेकवत राहिला. आणि मी खुळी, रिकामे शंख काढून काढून रचून ठेवत होते.” तिने टेबलावरचा हात उचलला आणि परत ठेवला. “हसू येतं रे. एवढी वर्षं. आणि कुणी आलं की मी कौतुकाने दाखवायची. कुणी बोललं नाही मला. तूसुद्धा छान दिसतायत म्हणालास. म्हातारीचं मन राखलंस, हो की नाही?”

“तसं नाही आत्या. त्यांना काय कळतंय.”

“समजूत नको घालूस. मला आता ते नको.” तिने टेबलाच्या खणाकडे हात केला. “भिंग घे ते खणातलं. पाकीट आणलंयस ना? एक कुठलंही पान घे आणि खरं सांग मला. ठिपके आहेत का?”

भिंग जुनं, पितळी मुठीचं. लहानपणी त्याला हात लावायची परवानगी नसे. पाकिटातून शंखाचं पान त्याने काढलं आणि दिव्याखाली धरलं. भिंगाची गरजच नव्हती. कागद पिवळसर होता, आणि त्यावर शंख बसला होता. असा भरलेला, जड, एका कुशीवर कललेला, की उचलला तर कानाला लावता येईल. मग त्याने भिंग धरलं, तर शंख नाहीसा झाला आणि नुसते ठिपके राहिले; कडेला दाट, मग विरळ, मग आणखी विरळ, आणि पोटावरच्या उजेडात अगदी एकटा एकेक. एकालाही शेपूट नव्हतं.

“आहेत,” तो म्हणाला.

“खरं?”

“खरं. सगळे आहेत.”

“मग तिला का दिसले नाहीत?”

स्कॅनर बिघडला होता. वाक्य तयार होतं, ओठांवर होतं. पण ते म्हटलं तर ती मान हलवेल, हो रे, असेल, म्हणेल, आणि सकाळी शेजारची मुलगी येऊन गठ्ठे घेऊन जाईल. समजूत कशी असते हे तिला आता चांगलं ओळखू येत होतं. दाराशी सुतळीने बांधलेल्या त्या गठ्ठ्यांकडे पाहताना त्याला कळलं की हे कुणी केलं ते ऐकल्याशिवाय ठिपके आहेत हे तिला खरं वाटणार नाही.

“मी पुसले,” तो म्हणाला.

आत्या त्याच्या कानाकडे पाहत राहिली.

“फाइल लहान करायची होती ना. तसं एक बटण आहे आमच्याकडे, त्याने धूळ, डाग, ठिपके सगळं निघून जातं. दाव्यांच्या कागदांसाठी मीच ते करून ठेवलंय. तेच दाबलं मी. दुसरी पद्धत होती, मला येत होती. मी घाई केली. आणि उघडून पाहिलंच नाही, आत्या. न बघताच तुला छान दिसतायत म्हणालो.”

“सगळेच गेले?”

“सगळे.”

“किती वेळ लागला रे?”

त्याला आधी समजलं नाही, मग समजलं. “मिनिटभर,” तो म्हणाला. “तेवढाही नसेल.”

आता ती काय बोलेल ते बोलो, असं म्हणून तो भिंग हातात धरून उभा राहिला. तिने ओरडावं, हाकलून द्यावं, असं त्याला वाटत होतं. लहानपणापासून ती त्याच्यावर एकदाही ओरडली नव्हती आणि ते सगळं ओरडणं कुठेतरी शिल्लक असेल तर आज एकदम यावं, असं वाटत होतं. पण आत्याच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी होत होतं. तिचा ताठ धरलेला खांदा खाली आला, तोंड थोडं उघडलं, आणि ती इतक्या हलक्या आवाजात बोलली की त्याला पुढे वाकावं लागलं.

“म्हणजे होते.”

“होते आत्या. आहेत.”

“म्हणजे मला दिसत होतं तोवर दिसत होतं.” तिने पदराने डोळे पुसले, आणि लगेच हसली, त्या ‘कर्मचारी म्हणजे मी’च्या वेळी हसली होती तशी. “अरे गाढवा. दुपारपासून जीव टांगणीला लावलास माझा. जेवलेसुद्धा नाही मी. ते गठ्ठे आत घे आधी, कुणाचा पाय लागेल.” तो गठ्ठे आत आणू लागला. तिच्या आनंदाने त्याला आणखीच लहान वाटत होतं. तिने त्याला माफही केलं नव्हतं, माफ करण्यासारखं काही आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग एकदम काहीतरी आठवून ती म्हणाली, “आणि त्या बाईंना कळव. मूळ चित्रं घेऊन जा, दाखव. पण तू पुसलेस असं स्पष्ट लिही हो. नाहीतर तिला वाटेल, नाही म्हटल्यावर म्हातारीने बसून ठिपके भरले.”

“लिहितो,” तो म्हणाला. “मीच पुसले असं लिहितो.”

“घेतली तर घेतील. नाहीतर नाही.” पण तिचे हात आता स्वस्थ नव्हते, टेबलावरून पेन्सिली चाचपत होते. एक उचलून तिने टोक अंगठ्याला लावून पाहिलं. “तुझ्या ऑफिसात पाहिली का रे कुणी? इतकी माणसं असतात तुमच्याकडे.”

“पाहिली ना,” तो म्हणाला. हे खरं होतं. “वकील आहेत एक, त्यांनी पाहिली.”

“आत्याची आहेत म्हणून सांगितलंस?”

तिचा चेहरा त्याच्या खांद्यापलीकडे, उजळून वळला होता. वर्गाच्या दारात काळ्या बोटांनी डबा धरून ती उभी राहिली होती आणि बाईंना उत्तर द्यायच्या आधी तिने त्याच्याकडे पाहिलं होतं, ते पाहणं त्याला आता दिसलं. मघाशी एकदा धीर केला होता, तसाच आणखी एकदा करायचा, एवढंच होतं. पण पहिल्या वेळी ते तिला हवं होतं. आता हे सांगून फक्त त्याचा जीव हलका झाला असता. की हाही विचार आपल्या सोयीचाच आहे, हे त्याला ठरवता येईना.

“सांगितलं,” तो म्हणाला.

“मग? काय म्हणाले वकील?”

“आवडली त्यांना. फार आवडली.”

“हो?” ती खुर्चीत पुढे सरकली. “कुठलं आवडलं?”

कुठलं. दुपारभर पडद्यावर पाहिलेल्या कडांपलीकडे त्याला काही आठवेना. शंख होता, आत्ताच पाहिलेला. भुंगा, वकिलाने झुरळ म्हटलेला. बाकीची पानं त्याच्या हातांखालून गेली होती, त्यातलं एकही त्याने कागदावर नीट पाहिलं नव्हतं. आत्या वाट पाहत होती. त्याने पाकीट टेबलावर उपडं केलं, पातळ कागद एकेक करून बाजूला केले, दिवा जवळ ओढला आणि भिंग घेऊन खाली वाकला.

“थांब,” तो म्हणाला, “बघून सांगतो.”